‘चारठाणा’ की ‘चारठाणे’? : दप्तर, पोथी आणि पडताळा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन शिल्पावशेषांमुळे अभ्यासकांस परिचित आहे. गोकुळेश्वराचे मंदिर, त्यालगतची बारव, गावातील उंच दगडी स्तंभ यांविषयी स्थापत्याच्या व मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. त्यांचे साधन उघड्यावर उभे आहे. भाषेच्या अभ्यासकाची गोष्ट निराळी. त्याला या गावात प्रथम दिसते ते गावाचे नाव. आणि त्या नावातील एका स्वराचा उलगडा करावयाचा म्हटला, तरी त्यास गावाबाहेर, जिल्ह्याबाहेर आणि अखेरीस राज्याबाहेरही जावे लागते.

प्रश्न दिसतो तसा साधा नाही. नावाचे उत्तरपद संस्कृत ‘स्थान’, प्राकृत ‘ठाण’ या मालिकेतले आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. जुन्या मराठीत या शब्दाचे रूप ‘ठाणें’ असे नपुंसकलिंगी आहे, आणि कोकणातील ठाणे शहराच्या नावात ते आजही टिकून आहे. मग हे गाव ‘चारठाणे’ नसून ‘चारठाणा’ का? यास दोन उत्तरे संभवतात. पहिले असे, की या भागाच्या बोलीत ‘ठाणा’ हे आकारान्त पुल्लिंगी रूप पूर्वीपासूनच रूढ असावे. वऱ्हाडातील बुलढाणा हे नाव ‘भिल्लठाणा’ यापासून आले असे जे सांगितले जाते, ते ग्राह्य धरल्यास या मतास थोडी पुष्टी मिळते. दुसरे उत्तर असे, की हा ‘आ’ बोलीचा नसून कचेरीचा आहे. हैदराबाद संस्थानात राज्यकारभार आधी फारसीतून व १८८४ च्या सुमारापासून उर्दूतून चाले. उर्दूत ‘थाना’ हा आकारान्त पुल्लिंगी शब्द असून ‘थाने’ हे त्याचे सामान्यरूप किंवा अनेकवचन होय. गावकऱ्याच्या तोंडून ‘चारठाणे’ ऐकणाऱ्या मुनशीने ते विकारी रूप समजून त्याचे ‘शुद्ध’ रूप ‘चारथाना’ असे लिहिले असणे अगदी शक्य आहे. उर्दूत ‘ण’ नाही; तो पुढे नागरीत लिहिताना स्थानिक उच्चारावरून परत आला असेल, पण शेवटचा ‘आ’ तसाच राहिला असेल. रोमी लिपीतील लेखनाने यात भरच घातली. इंग्रजी अमदानीत ठाणे शहरही त्या लिपीत ‘ठाना’ असेच लिहिले जाई.

यांतील कोणते उत्तर खरे, हे गावात जाऊन चार माणसांशी बोलून ठरणार नाही. ‘चारठाण्याला’, ‘चारठाण्यात’, ‘चारठाण्याचा’ ही रोजच्या बोलण्यातील रूपे ‘ठाणा’ आणि ‘ठाणे’ या दोहोंनाही सारखीच लागू पडतात. गावाचे नाव प्रथमेत उच्चारण्याचा प्रसंग गावकऱ्यास क्वचितच येतो. तो आलाच, तर शाळेच्या पाटीने आणि सरकारी शिक्क्याने घडवलेले रूपच तोंडी येण्याचा संभव अधिक; नपुंसकलिंगाचा जो ‘चारठाणं’ असा उच्चार बोलीत अपेक्षित, तो या शिक्क्याखाली केव्हा दबला असेल हे आज कानाने सांगता येत नाही. जुना मोडी कागद मात्र नेमके हेच सांगू शकतो. महजर असो, वतनाचा निवाडा असो, की वसुलाचा ताळेबंद असो, त्याच्या आरंभी ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ या शब्दापुढे गावाचे नाव अविकारी रूपात येते. गावच्या कुळकर्ण्याने दोन-तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेली अशी पाच-दहा स्थळे हाती आली, तर वाद संपेल. पूर्वपदातील ‘चार’ ही संख्या की दुसऱ्या एखाद्या शब्दाचा, वानगीदाखल ‘चारु’ या शब्दाचा, अवशेष, हा प्रश्न अधिक अवघड आहे. परंतु त्याचाही मार्ग याच कागदांतून आणि त्यांच्याही मागे जाणाऱ्या पोथ्यांतून जातो.

तेव्हा असे कागद पाहावयास कोठे मिळतात, आणि कोणत्या अटींवर मिळतात, हा प्रश्न अभ्यासकाच्या सोयीगैरसोयीचा राहत नाही; त्याच्या विधानाच्या खरेखोटेपणाचा होतो. ग्रंथालये, दप्तरखाने व संग्रहालये यांच्याविषयी आपल्याकडे जी तक्रार नेहमी ऐकू येते, ती रखवालदाराविषयीची असते. परवानगी मिळत नाही, मिळाली तर कागद सापडत नाही, सापडला तर छायाचित्र घेऊ देत नाहीत, अशी ती तक्रार. आणि ती पुष्कळदा रास्त असते. परंतु जुन्या मराठीच्या अभ्यासाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर दाराला लागलेले सर्वांत भक्कम कुलूप पुष्कळदा खुद्द संशोधकांनीच लावलेले आहे असे दिसते. ही बाजू क्वचितच मांडली जाते.

प्रथम रखवालदाराची बाजू पाहू. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. माणसे आणि जमीन इकडे आली. मध्यवर्ती दप्तर बहुतांशी हैदराबादेसच राहिले. ते प्रथम आंध्र प्रदेशाच्या आणि २०१४ पासून तेलंगणाच्या अभिलेखागाराचा भाग झाले आहे. त्यात शाहजहान व औरंगजेब यांच्या दख्खनमधील कारभाराचे फारसी कागदच दीड लाखांच्या घरात आहेत, असे सांगतात. त्यांतील निवडक कागद शाहजहानच्या कारकीर्दीपुरते १९५० मध्ये आणि औरंगजेबाच्या कारकीर्दीपुरते १९५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. नंतरचे निजामशाही दप्तर, इनामे व वतने यांच्या चौकशीचे ‘अतियात’चे कागद, पुरातत्त्व खात्याची कागदपत्रे हा संभार वेगळाच. हे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये स्थापन झाले, गुलाम यझदानी हे त्याचे पहिले संचालक, आणि मराठवाड्यातील प्राचीन वास्तूंच्या पद्धतशीर नोंदींचा आरंभ याच खात्यापासून धरावा लागतो.

परभणीकडील मराठीचा विद्यार्थी या अभिलेखागाराच्या दाराशी गेला, तर त्यास कोणी हाकलून देईल असे नाही. त्याची अडचण दाराच्या आत सुरू होते. कागद राजवटीच्या व कचेरीच्या क्रमाने लावलेले, आणि त्यास हवे असलेले गाव कोणत्या परगण्यात, कोणत्या सरकारात, कोणाच्या जहागिरीत कोणत्या वर्षी होते, हे त्यास आधीच ठाऊक असावे लागते. शिवाय लिपी फारसी वळणाची. महाराष्ट्रात मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीची ओळख अधूनमधून करून दिली जाते, उर्दूची नाही. ज्या प्रदेशाचा सात-आठ पिढ्यांचा लेखी व्यवहार त्या लिपीत झाला, त्या प्रदेशाच्या भाषेचा विद्यार्थी ती लिपी न शिकता पदवी घेतो, ही गोष्ट मराठवाड्यातील विद्यापीठांनी तरी मनावर घेण्यासारखी आहे. अभिलेखागाराच्या अधिकाऱ्याने सर्व कपाटे उघडून दिली, तरी या विद्यार्थ्यापुरते दप्तर बंदच राहणार.

पुण्याचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले. ग्रँट डफ यास ते मुक्तपणे पाहता आले व त्याचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. एतद्देशीय अभ्यासकांस मात्र ते जवळजवळ शतकभर दुर्लभ होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रयत्नांमुळे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले रोजनिशीतील उतारे तेवढे बाहेर आले. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी सरकारी दाराशी ताटकळत न बसता गावोगावच्या वाड्यांतील माळे आणि बळदे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसपर्यंत गेली. दार बंद असूनही काम कसे होते, त्याचे हे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे.

पुढे १९३० ते १९३४ या काळात कै. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. या खंडांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. त्या मानाने १९३३ मध्ये त्यांनीच सिद्ध केलेली दप्तराची मार्गदर्शिका फारशी कोणी नावाजत नाही. वस्तुतः दप्तर खुले झाले ते त्या लहानशा पुस्तकामुळे, असे म्हणण्यास हरकत नसावी. निवडीचे खंड सरदेसाई यांना जे महत्त्वाचे वाटले ते दाखवतात. ती निवड बहुतांशी राजकारणाच्या दृष्टीने झालेली आहे, आणि भाषेच्या अभ्यासकास हवे असलेले गावकामगाराचे वेडेवाकडे लेखन तीत क्वचितच सापडते. मार्गदर्शिका मात्र सुमारे ३५,००० रुमालांच्या त्या रानात कोणती वाट कोठे जाते ते सांगते. तिच्या आधाराने सरदेसाई यांना जे महत्त्वाचे वाटले नाही तेही दुसऱ्यास शोधता येते. मराठवाड्याच्या मराठी कागदांपुरती अशी गावनिहाय मार्गदर्शिका कोणी तयार करील, तर चारठाण्यासारख्या शेकडो गावांचे काम एका फटक्यात सुकर होईल. या कामात नाव मिळत नाही, हे खरे. प्रबंधासाठी विषय म्हणूनही ते मान्य होईल की नाही, याची शंका आहे.

पोथ्यांचे जग निराळे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामागे परचक्राची भीती होती, पंथाच्या गुह्याचे रक्षण होते, की दोन्ही, याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परिणाम इतकाच, की तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठी गद्याचा सर्वांत मोठा ठेवा मठामठांतून शाबूत असतानाही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांस जवळजवळ अज्ञात होता. राजवाडे यांनी १९१० च्या सुमारास सकळ लिपीची फोड केली, वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या आवृत्तीत हे वाङ्मय वाचकांपुढे ठेवले. त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी महंतांचा विश्वास संपादन करून एकेक ग्रंथ मुद्रित केला. ‘विश्वास संपादन करून’ हे शब्द येथे शोभेसाठी योजलेले नाहीत. लिपीची किल्ली हाती आली म्हणजे पोथी हाती आली असे होत नाही, हे या तिघांच्याही कामाने दाखवून दिले आहे.

चारठाण्याच्या संदर्भात या वाङ्मयाचे महत्त्व उघड आहे. श्रीचक्रधरांच्या भ्रमणातील स्थळांची वर्णने करणारी ‘स्थानपोथी’ आणि ‘लीळाचरित्र’ यांतून मराठवाड्यातील व वऱ्हाडातील ग्रामनामांची जुनी रूपे शेकड्यांनी मिळतात. ‘ठाण’ हे उत्तरपद त्या काळी कोणत्या लिंगाने चाले, हे ठरवण्यास याहून चांगले साधन नाही. परंतु मुद्रित प्रतीत जे रूप दिसते ते पोथीतले, लेखनिकाच्या काळातले, की संपादकाने सुधारलेले, हे पोथी पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. लीळाचरित्राचा पाठ तर मूळ प्रत नष्ट झाल्यावर स्मृतीच्या आधाराने पुन्हा सिद्ध झाला, अशी परंपराच आहे. अशा ग्रंथात ‘ठाणें’ वरील एक अनुस्वार म्हणजे लिंगाची साक्ष असते, आणि मुद्रणात सर्वांत आधी बळी जातो तो अनुस्वारच.

येथून मुख्य मुद्द्याकडे वळता येते. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी संपादून प्रसिद्ध केली. तिचा आधार बीडकडील पाटांगण येथे मिळालेली एक पोथी होती. ती एकनाथपूर्व असल्याचा राजवाडे यांचा दावा होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे संशोधन केल्यानंतर उपलब्ध प्रतींवर त्या संशोधनाची छाया पडलेली आहे; त्यामुळे त्यापूर्वीची प्रत मिळणे ही मराठी भाषेच्या इतिहासातील केवढी मोठी घटना, हे निराळे सांगावयास नको. या संहितेच्याच आधारे राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले. ते व्याकरण आजही वाचनीय आहे. त्यातील विभक्तिविचार व क्रियापदविचार यांनी पुढच्या दोन पिढ्यांना विचार करण्याची रीत शिकवली. १९६० मध्ये शासनाने ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली, तिच्यासाठीही राजवाडे यांचीच संहिता स्वीकारण्यात आली.

आणि ती पोथी आज नाही. तिच्या नाशाविषयी निरनिराळ्या हकीकती सांगितल्या जातात. त्यांत राजवाडे यांच्या संतापी स्वभावाचा भाग किती व दंतकथेचा किती, हे ठरवण्यात येथे स्वारस्य नाही. महत्त्वाचे इतकेच, की जी रूपे केवळ या संहितेत आढळतात, त्यांचा पडताळा घेण्याचा कोणताही मार्ग आता उरलेला नाही. अमुक ठिकाणी ‘उ’कार आहे असे राजवाडे म्हणतात, तो पोथीत होता की त्यांच्या व्याकरणविषयक अपेक्षेने आला, हे विचारणार कोणाला? राजवाडे यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रामाणिक माणसाचाही डोळा त्याला जे दिसावेसे वाटते ते पाहतो. पोथी शिल्लक ठेवावयाची ती एवढ्याचसाठी. बंद दप्तरांची कुलुपे ज्याने आयुष्यभर उघडली, त्याच्याच हातून मराठीतल्या सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथाची सर्वांत महत्त्वाची प्रत कायमची बंद झाली. कोणत्याही सरकारी अधिकाऱ्यास इतके भक्कम कुलूप लावता आलेले नाही.

यावर असे म्हटले जाईल, की तो काळच वेगळा. साधने वाचवणे हेच तेव्हा मोठे काम होते. ते मान्य केले तरी पुढच्या काळाचे काय? मराठी पोथ्यांच्या किती मुद्रित आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत ‘एका सद्गृहस्थांकडून मिळालेली प्रत’ एवढाच उल्लेख असतो! किती प्रबंधांत कागदाचा उतारा असतो, पण रुमालाचा क्रमांक नसतो! किती संपादकांनी गावोगावहून आणलेली बाडे काम संपल्यावरही परत केली नाहीत किंवा कोणत्याही संस्थेत ठेवली नाहीत, आणि त्यांच्या पश्चात ती घरच्यांना अडगळ झाली! शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने प्रत्येक अर्थास ग्रंथाचा आधार दिला. परंतु त्या ग्रंथाच्याही मागे जाऊन पोथी पाहू गेल्यास वाट पुष्कळदा ‘सद्गृहस्थां’पाशी संपते. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या प्राचीनतेविषयी आपण जे सांगतो, त्याचा पुरावा परक्या अभ्यासकाने पाहावयास मागितला, तर कोणत्या कपाटाकडे बोट दाखवावयाचे?

याच्या उलट दगडाकडे पाहावे. अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेखातील शकाचे आकडे कोणी ९३४ असे वाचले, तर कोणी ११३२ असे. फरक जवळजवळ दोनशे वर्षांचा. मराठीतील आद्य कोरीव लेखाचा मान कोणास द्यावयाचा, हे त्यावर अवलंबून. तरीही हा वाद निकोप राहिला, याचे कारण दगड जागेवर आहे आणि ज्याला शंका आहे त्याने जाऊन पाहावे, असे दोन्ही पक्ष म्हणू शकतात. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा संग्रह पुणे विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. त्यातील वाचने पुढे कोणी दुरुस्त केली असतील, तर त्याचे श्रेय काही अंशी त्या संग्रहाच्या रचनेलाच द्यावे लागेल. लेख कोठे आहे हे त्याने लपवले नाही.

पोथ्यांच्या बाबतीतही हे अशक्य नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा विचार करते, आणि प्रत्येक पर्वाच्या आरंभी कोणती प्रत कोणत्या संग्रहातील, याची नोंद देते. सुखठणकरांचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याच्यापुढे पानाच्या तळाशी नाकारलेले पाठ मांडलेले आहेत. मराठीत अ. का. प्रियोळकर यांनी १९३५ च्या ‘दमयंतीस्वयंवरा’त हीच शिस्त आणली. त्याच भांडारकर मंदिरात कै. प. कृ. गोडे १९१९ पासून चार दशकांहून अधिक काळ हस्तलिखितांचे रक्षक होते. त्यांनी सूची करता करता शेकडो निबंध लिहिले, आणि आपल्याला दिसलेली पोथी दुसऱ्याच्या उपयोगाची आहे असे वाटले, की त्यास पत्राने कळवण्याची त्यांची ख्याती होती. रखवालदार आणि संशोधक हे दोन पक्ष मानण्याची जी सवय झाली आहे, ती गोडे यांच्याकडे पाहिले म्हणजे टिकत नाही.

अर्थात रखवालदाराच्या भीतीस आधार नाही असे नव्हे. ५ जानेवारी २००४ रोजी याच संस्थेवर जमाव चालून आला आणि ग्रंथांची, हस्तलिखितांची व वस्तूंची नासधूस झाली. निमित्त एका परदेशी लेखकाच्या ग्रंथाचे होते. संस्थेचा संबंध एवढाच, की त्याने तेथे अभ्यास केला होता व तेथील विद्वानांचे आभार मानले होते. वाचकास मदत करणे हाच जेथे अपराध ठरतो, तेथे सेवक ओळखपत्र मागू लागले, हेतू विचारू लागले, तर त्यांस दोष कोण देणार? मात्र या सावधपणाचा भार कोणावर पडतो तेही पाहावे. पुण्यात राहणाऱ्या प्राध्यापकास ओळख मिळते. जिंतूरहून आलेल्या विद्यार्थ्याजवळ ती नसते.

खासगी घरांची भीती आणखी वेगळी. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या घरांतील कागद वतने होती तोवर जपले गेले. वतने गेल्यावर त्यांची किंमत संपली, पण धास्ती संपली नाही. कागद दाखवला तर जमिनीचा कोणता जुना तंटा उकरला जाईल, ही शंका त्या घरांत असते, आणि ती निव्वळ वेडगळ म्हणता येत नाही. केंद्र सरकारने २००३ मध्ये हस्तलिखितांच्या नोंदणीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने तिला नवे रूप देऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण करण्याचे जाहीर झाले. आकडा मोठा आहे. परंतु हस्तलिखित म्हटले की ग्रंथ डोळ्यांपुढे येतो, वसुलाचा फाटका ताव येत नाही; आणि चारठाण्याच्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात असण्याचा संभव जितका, त्याहून त्या तावात असण्याचा अधिक.

आता मोबाईलमुळे नवीनच स्थिती उत्पन्न झाली आहे. विद्यार्थी गावी जातो, घरमालक एका दुपारपुरते बाड सोडतो, दोनशे पाने छायाचित्रित होतात, आणि ती त्याच्या यंत्रात राहतात. प्रबंधात लिप्यंतर छापले जाते. छायाचित्रे मार्गदर्शकासही मिळतात असे नाही. मूळ बाडाचे काय झाले, हे दहा वर्षांनी कोणी विचारावयास जात नाही. पाटांगणच्या पोथीची कथा अशा रीतीने लहान प्रमाणात गावोगाव पुन्हा घडत आहे, आणि ती घडवणारे पदवीधर आपल्याच विभागांतून बाहेर पडतात. प्रबंध स्वीकारताना विद्यापीठाने टंकलिखित प्रतींबरोबर वापरलेल्या अप्रकाशित कागदांच्या प्रतिमा, मालकाच्या लेखी संमतीसह व त्याने घातलेल्या अटींसह, विभागाच्या संग्रही देणे बंधनकारक केले, तर खर्च नगण्य आहे. मालकाने दहा वर्षे कोणास दाखवू नये असे म्हटले, तर दहा वर्षे दाखवू नये. प्रतिमा असली म्हणजे झाले.

लिप्यंतर का पुरत नाही, हे चारठाण्याच्याच नावावरून दिसेल. मोडीत आधी शिरोरेषा ओढून अक्षरे तिच्याखाली लिहितात, आणि लेखणी शक्य तोवर उचलीत नाहीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, अनुस्वार पुष्कळदा गाळलेला. ‘ठाणे’ आणि ‘ठाणा’ यांत फरक उरतो तो शेवटच्या अक्षरावरच्या मात्रेचा आणि त्याच्या पुढच्या कान्याचा. कागदाची घडी शिरोरेषेवर पडून मात्रा पुसट झालेली, किंवा घाईच्या लेखणीचा फराटा पुढच्या ‘परगणे’ या शब्दाकडे जाताना कान्यासारखा वळलेला, असे वाचणाऱ्याच्या अनुभवास नेहमी येते. ज्याला आजचे ‘चारठाणा’ हे नाव ठाऊक आहे, तो तेथे कानाच वाचील. ज्याने कोकणातील ठाणे मनात धरले आहे, तो मात्रा वाचील. दोघेही आपापल्या प्रबंधात निःशंकपणे नागरी अक्षरे छापतील, आणि त्यांपैकी कोणाचे वाचन बरोबर हे ठरवावयाचे, तर तो कागद तिसऱ्या कोणाला तरी पुन्हा पाहता आला पाहिजे.